स्वयंपाकघराखालची माती

खोदाईच्या मशीनच्या बादलीतून काळपट माती ढिगावर पडली आणि भोवतीच्या सगळ्यांचे हात नाकाकडे गेले. ड्रायव्हरने गळ्यातला रुमाल वर ओढला. पंपवाले काका तेवढे हात पाठीमागे बांधून तसेच उभे राहिले.

काकांचा पेट्रोल पंप बंद होऊन बराच काळ लोटला होता. जमिनीतल्या जुन्या टाक्या मात्र जागच्या जागी होत्या. लोखंडच ते, आतल्या आत गंजत गेलं आणि उरलंसुरलं पेट्रोल झिरपत राहिलं. उतारावरच्या विहिरीत तेलाचा तवंग दिसला, तेव्हा कुठे सगळ्यांना जाग आली. आता टाक्या निघाल्या होत्या, पण भोवतीची नासलेली माती उरली होती. ती उचलून न्यायची आणि खड्ड्यात चांगली माती भरायची, असं काम चाललं होतं.

माती तपासायला आलेल्या मुलीला सगळे मातीवालीच म्हणत. तिने पंपाला लागूनच असलेल्या काकांच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी हातातलं मीटर धरलं. ते किणकिणायला लागलं.

"काका, इथंही आहे. भिंतीखालून आत गेलंय. स्वयंपाकघर उतरवावं लागेल."

"ते जमायचं नाही," काका म्हणाले. एरवी मऊ माणूस. "अंगण खणा. माझी बाहेरची खोली पाडा, तिथे मी नुसता पेपर वाचतो. तुमच्या काकूच्या स्वयंपाकघराला हात लावायचा नाही."

ते स्वयंपाकघर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. काकू उंचीने बेताच्या. त्यांना भिंतीला टेकवून, कोपराशी पेन्सिलने खूण करून काकांनी ओट्याची उंची ठरवली होती. गवंडी हसला होता, पण ओटा तेवढाच झाला.

काकांनी वाकून भिंतीकडची मूठभर माती उचलली. मातीवाली "नाकाजवळ नका नेऊ" म्हणेपर्यंत त्यांनी खोल श्वास घेतलाही होता.

"काही नाही. मीटर बिघडलंय तुमचं. उभा जन्म पेट्रोलमध्ये गेला माझा, मला कळायचं नाही?"

काकू चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात आल्या होत्या. तिथपर्यंत त्या मातीचा उग्र दर्प येत होता. आधी त्यांना वाटलं, हे माझ्यासाठी खोटं बोलतायत. पण खोटं बोलताना काकांचे कान लाल व्हायचे, आणि आत्ता कान अगदी नेहमीच्या रंगाचे होते. काका एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, हे सगळे नाक का धरून आहेत हे न कळल्यासारखे.

ट्रे पायरीवर ठेवून काकू आत गेल्या आणि ठेचलेला लसूण घेऊन आल्या.

"डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना."

काकांनी डोळे मिटले. काकूंनी लसूण त्यांच्या नाकाशी धरला. "कसला वास?"

काकांनी बराच विचार केला. "चहाचा," ते म्हणाले.

ड्रायव्हरने हसू खोकल्यात लपवलं. काकू हसल्या नाहीत.

"कधी गेलं नाक?"

"पंपावर असतानाच. हळूहळू गेलं. म्हटलं, जाऊ दे." काका थोडे ओशाळले. "पेट्रोलचा तरी येईल असं वाटलं होतं. जन्मभराची ओळख."

"आणि रोज दारातून आत येता येता म्हणता ते? काय घमघमाट सुटलाय म्हणून?"

"तुझ्याकडे बघून कळतं. चांगलं जमलं असलं की तू झाकण जरा तिरकं ठेवतेस."

काकूंना आठवलं. एकदा दूध पार करपलं होतं, तेव्हाही हे दारातून घमघमाट म्हणाले होते. टोमणा समजून त्यांनी दिवसभर अबोला धरला होता, आणि बिचारे आपलं काय चुकलं म्हणून मागे मागे फिरत होते. आता हसावं की रडावं, त्यांना कळेना. त्यांनी ओल्या फडक्याने काकांची मूठ उघडून एकेक बोट पुसून काढलं. मग त्या मातीवालीकडे वळल्या.

"पाडा गं."

"अगं, पण..."

"खाली पेट्रोल आणि वर मी चूल पेटवून उभी. शिवाय उतारावरची माणसं विहिरीचं पाणी पितात. ओट्याचं काय घेऊन बसलात? माप द्यायला मी आहे ना अजून."

स्वयंपाकघर उतरलं. मशीन खोल खोल जात राहिलं, तशी माती काळ्याची तपकिरी आणि तपकिरीची पिवळी झाली. मीटर किणकिणायचं थांबलं. मातीवालीने तळातलं एक ढेकूळ वर आणून काकूंच्या हातावर ठेवलं.

"ही स्वच्छ आहे. आता खुशाल घ्या वास."

काकूंनी ढेकूळ नाकाशी नेलं. काका शेजारी मान पुढे काढून उभे.

"कसला येतोय?"

"कसलाच नाही."

काकांनी ढेकूळ त्यांच्या हातातून घेतलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"मलाही," ते म्हणाले, "अगदी तसाच येतोय."