तुऱ्यांवरच्या वाट्या

ऑस्ट्रेलियात टूवूंबातल्या घरामागच्या आल्डरच्या झाडाखाली सुखदा हिवाळाभर वाकून बघत होती. आज सकाळी झाडाच्या गळलेल्या तुऱ्यांवर बुरशीच्या इवल्या तपकिरी वाट्या उगवलेल्या दिसल्या. तिचा युनिव्हर्सिटीतला प्रबंध त्यांच्यावरच अडून होता. पण लेक्चरला उशीर होत होता.

संध्याकाळी ती दमून परतली, तर झाडाखाली लख्ख झाडलेलं. सासरे खराटा धरून उभे होते.

"केवढा कचरा साचला होता, सुखदा. सगळा बिनमध्ये भरला. ट्रक घेऊनही गेला."

ती पायरीवर बसली. आता त्या वाट्या थेट पुढच्या हिवाळ्यात.

मग तिच्या लक्षात आलं, सासूबाई गेल्यापासून बाबा आज पहिल्यांदाच खोलीबाहेर पडले होते.

"छान केलंत, बाबा," ती म्हणाली. "उद्या पुढचं अंगणही बघाल का?"