राखणेचा धागा

गतिरोधकापाशी बाबलीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि गाडी पुन्हा गप्प झाली. मागच्या मासळीच्या टेम्पोवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. आता त्या रस्त्याला सवयच झाली होती. तो नुसता हात बाहेर काढून 'सावकाश, सावकाश' अशी खूण करत पुढे निघून गेला. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

पळत असली की गाडी मोठी गुणाची. जरा कुठे थांबली की धडधड, थरथर आणि ठप्प. अलार्म बसवला त्या दिवसापासून हे सुरू झालं. अलार्म तरी कशासाठी, तर शेजारचं मांजर बोनेटवर झोपतं म्हणून. मांजर अजूनही बोनेटवरच झोपतं. आता फक्त वाडी जागी असते.

एरवी बाबलीने हसण्यावारी नेलं असतं. पण घरात पूजाचे दिवस भरले होते आणि दवाखाना कुडाळला. वाटेत वळणं, गुरं, गतिरोधक. कळा देणारी बायको आत आणि गाडी मध्येच बंद, हा विचार त्याची पाठ सोडत नसे. बाळासाठीच गाडी घेतली असं वाडीभर सांगून झालेलं, त्यामुळे आता शेजाऱ्याची रिक्षा कोणत्या तोंडाने सांगणार?

पूजा मात्र मजेत होती. "बाळ आपला वेळेर सुरू होतला," ती म्हणे. "तुमच्या गाडयेचा काय ता बघा."

अलार्मवाला म्हणाला, वायरिंग चोख आहे, मेकॅनिकला विचारा. मेकॅनिक नितेशने प्लग बदलले, कचरा साफ केला, शेवटी अलार्मच काढून ठेवला. तरी गाडीचं आपलं तेच.

"त्या दिवशी आणखी काय झाला होता?" नितेशने विचारलं.

"काय नाय," बाबली म्हणाला आणि माडाच्या शेंड्याकडे बघू लागला.

झालं होतं. गाडी दारात आली तेव्हा त्याच्या आईने, सावित्रीने, बोनेट उघडायला लावून आत एक काळा धागा बांधला होता. मासे धरायच्या जाळ्याचा धागा, चिवट. बांधताना तिने गावच्या राखणदाराला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं. राखणदार म्हणजे वेशीवरच्या वडाखाली बसून गाव सांभाळणारा, कधी कुणाला न दिसलेला. आई मात्र अशा आवाजात बोलली की तो खाडीपलीकडे असता तरी त्याला ऐकू गेलं असतं. "बा राखणदारा, ह्या गाडयेची राखण तुझ्याकडे. ह्यो धागो जो कोण सोडतलो, तेका तू बघून घे!"

"आये, ह्यो काय पाडो आसा, दावा बांधूक?" गाडीला वासरागत दावं लावलेलं बघून बाबली तेव्हा खो खो हसला होता. हसला खरा, पण त्या धाग्याला त्याने कधी बोट लावलं नाही. बोनेटच्या आत फडकं मारतानाही तेवढी जागा सोडायचा.

आणि अलार्मवाल्याने नेमका तोच कापला. बाबली समोरच्या टपरीवर चहा पीत होता. परत आला तर धागा जमिनीवर. त्याने तो उचलून पाकिटात घातला आणि आईपाशी अवाक्षर काढलं नाही. पण मनात किडा वळवळू लागला. राखणदार असताना वर दुसरा पहारेकरी नेमला, तर राग येणारच की. एका दुपारी तो गुपचूप वडाखाली नारळ ठेवून आला, कान धरून माफीही मागितली. निघताना गाडी वडासमोरच बंद पडली.

मग एक दिवस जेवताना पूजाचा घास हातातच थांबला. तिने सासूकडे पाहिलं. सासू काय ते समजली.

बाबलीने धावत जाऊन स्टार्टर मारला. गाडी धडधडली, थरथरली, ठप्प झाली. पुन्हा मारला. पुन्हा तेच. पूजा सासूचा हात धरून अंगणात आली तेव्हा बाबली गाडीतून खाली उतरला. त्याने पाकिटातून धागा काढला आणि आईच्या हातात ठेवला.

"आये, माझी चूक झाली. अलार्मवाल्यान कापल्यान आणि मी लपवलंय. राखणदाराक सांग, राग माझ्यार काढ, हेंच्यार नको."

आईने धाग्याकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि कपाळावर हात मारला. "बोनेट उघड आधी."

ती वाकली. बोटाएवढा एक रबरी पाइप तिने दाबून आत बसवला, त्यावरून धागा गच्च गुंडाळला, गाठ मारली. "आता मार."

गाडी सुरू झाली. बाबलीने भीतभीत पाय उचलला. इंजिन एका लयीत घुमत राहिलं. त्याने डोळे मिटून वडाच्या दिशेने हात जोडले.

आई पूजाला सावरत मागे बसली होती. "तेका कित्याक हात जोडतंस? चल, गाडी काढ. तो पाइप गाडी इली तेव्हाच ढिलो होतो. तुझ्या बापाशीन होडयेच्या इंजिनाचो पाइप जल्मभर असोच बांधल्यान. तुका सांगलंय असतं, तर 'आये, तुका काय कळता' म्हणान सोडून टाकलं असतंस."

बाबलीने आरशातून मागे पाहिलं. "मगे ता गाऱ्हाणा?"

कळ ओसरली होती. पूजा तोंडाला पदर लावून हसत होती.

"ता राखणदाराक नव्हता रे," आई म्हणाली. "तुका घातलेलंय."