‘मागमूस’ची अक्षरं

‘मू’च्या उकारातून रक्त ओघळत होतं.

“टोमॅटो सॉस वाटतोय,” विश्वेश म्हणाला. “पुढचा दाखव.”

यशश्रीने तो फॉन्ट बाजूला सारला. ‘मागमूस’ हा विश्वेशचा पहिलाच सिनेमा, गायब झालेल्या एका माणसाचा. संध्याकाळी पोस्टर बाहेर पडायचं होतं आणि नाव कुठल्या अक्षरांत लिहायचं तेच ठरत नव्हतं. मखमलाबाद रोडवरच्या तिच्या फ्लॅटमध्ये दोघं जेवणानंतर जे लॅपटॉपसमोर बसले होते, ते अजून उठले नव्हते. सुरीने कोरल्यासारखी अक्षरं झाली, धुरात विरणारी झाली. मग तिने शिरोरेषाच मध्ये तोडली. ‘माग’ एकीकडे, ‘मूस’ एकीकडे.

“हे बरंय,” विश्वेश म्हणाला. “पण भीती नाही गं वाटत. नाव वाचल्यावर माणूस जागच्या जागी थांबला पाहिजे.”

“चहा टाकते. मग बघू.”

बाबांनाही अर्धा कप द्यावा म्हणून तिने आतल्या खोलीत डोकावलं. पलंग रिकामा होता. बाथरूमचं दार उघडं. बाल्कनीत कुणी नाही. बाहेरच्या दाराशी बाबांच्या चपला नव्हत्या.

“विश्वेश, आत येताना वरची कडी लावलीस?”

तो उठून उभा राहिला. “वरची? नाही... मी नुसतं दार ओढून घेतलं.”

दोघं जिन्याने धावत खाली आले. तिच्या बाबांचा, यज्ञेश्वर गुरुजींचा, उभा जन्म रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करण्यात गेला होता. आता त्यांना आपली खोली सापडायची नाही, जेवण झालं की नाही ते आठवायचं नाही. कधीकधी मुलगीही ओळखू यायची नाही. पाय मात्र अजून धड होते, आणि सकाळीच धरणातून गोदावरीत पाणी सोडलेलं होतं.

वॉचमन धोंडीराम गेटपाशी पाण्याचा पाइप गुंडाळत होता.

“काका,” यशश्री म्हणाली, “माझे बाबा घरात नाहीत.”

एवढंच. आवाज चढला नाही की कापला नाही. धोंडीरामच्या हातातलं पाइपचं वेटोळं सुटलं.

“मी मागं मोटर बंद कराया गेलतो, ताई. मला नाय दिसले.”

विश्वेशने बाइक काढली. “कुठे?”

“गंगेवर. रामकुंड सोडून दुसरीकडे कुठे जाणार ते?”

ती मागे बसली. रस्त्यावरचं प्रत्येक पांढरं धोतर ती बघत होती. दूधवाल्याच्या दुकानापाशी एक दिसलं, ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. चौक ओलांडायच्या आधीच तिने विश्वेशच्या पाठीत जोरात बुक्की मारली.

“थांब! ऐक.”

डाव्या हाताच्या सोसायटीतून आवाज येत होता. खणखणीत, एका लयीतला.

पार्किंगमध्ये कोरी गाडी उभी होती. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. एक तरुण नवरा-बायको हात जोडून उभे होते आणि त्यांच्यासमोर उपरणं सावरत बाबा संकल्प सांगत होते.

“...गोदावर्याः उत्तरे तीरे...” तिथीपाशी येऊन ते थबकले. डोळे मिटले.

“शुभपुण्यतिथौ,” तिथीचं नाव न घेताच बाबा म्हणाले आणि पुढे सांगू लागले.

यशश्री तिथल्याच कट्ट्यावर बसली. ओढणी तोंडाशी धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विश्वेशने धोंडीरामला फोन लावला. “सापडले, काका. हो, हो, एकदम ठणठणीत!”

नव्या गाडीची मालकीण हळूच जवळ आली. “तुम्ही गुरुजींच्या घरच्या का? आम्ही बोलावलेले अजून आलेच नव्हते. हे रस्त्याने चालले होते, गाडी बघून आत आले आणि म्हणाले, ‘नारळ कुठाय?’ आम्हाला वाटलं, हेच ते.”

“माझे बाबा आहेत. रस्ता चुकले होते.”

“अगंबाई! मग... घेऊन जाताय का?”

“नको, नको. होऊ दे पूजा,” यशश्री म्हणाली.

विश्वेश तिच्याशेजारी येऊन टेकला.

“कडीचं... सॉरी गं.”

तिने मान हलवली.

“आणि ते रक्तबिक्त काढून टाक सगळं. तुटकी रेषापण नको.”

“मग काय ठेवू?”

“साधी अक्षरं. सरळ, रोजची. तू मघाशी धोंडीरामला सांगितलंस ना, तशी. माझे हात गार पडले तेव्हा.”

गाडी सोसायटीच्या आवारातून एक फेरी मारून आली. नवरा-बायकोच्या मनगटांवर लाल धागा बांधून झाला, तशी बाबांची नजर कट्ट्याकडे वळली.

“या, तुम्हीपण या. मोकळ्या हाताने जायचं नाही.”

यशश्री उठून त्यांच्यासमोर गेली. उजवा हात पुढे केला.

“डावा,” बाबा म्हणाले. “बायकांचा डावा. नाव काय आपलं?”

“यशश्री.”

“वा! कुणी ठेवलं?”

“बाबांनी.”

“छान ठेवलंय. त्यांना माझा नमस्कार सांगा,” बाबा म्हणाले, आणि धाग्याची गाठ पक्की बसली की नाही ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.