दोन पाट्या

बिशान भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सुबोध टीव्हीवर ऑस्ट्रेलिया ट्रिपचे फोटो दाखवत होता. रानातल्या एका उंच लुकआउटवर दोन पाट्या होत्या.

"ही तो डोंगर राखणाऱ्या आदिवासींची, आणि ही तिथे लपणाऱ्या दरोडेखोरांची."

"आमच्याकडे गडावरच्या अशा चौकीला मेट म्हणतात," त्याचा मित्र विवेक खोमणे म्हणाला.

"आमच्याकडे म्हणजे?" सुबोधच्या बायकोने लगेच विचारलं. "खोमणे म्हणजे नक्की कुठले हो तुम्ही?"

एरवी विवेक 'पुण्याकडचे' म्हणून विषय बदलायचा.

"पुरंदरचे रामोशी. गड आम्हीच राखायचो. इंग्रजांनी ते काम काढून घेतलं, मग दरोडेखोर म्हणून आम्हालाच धरलं. आमच्या मेटावर एकच पाटी पुरेल."