दोन ठोक्यांमधला झोका

चाकणच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं काढलेला दिगंबर बायको शैलजाच्या हौसेखातर थेरगावात जोडीने नाचायचा स्विंग डान्स शिकायला जायचा. पावलं त्याला लगेच पाठ झाली, पण नाच कवायतीसारखा दिसायचा. या रविवारी शिकवणाऱ्या कशफने त्याला थांबवलं. "काका, नुसती पावलं म्हणजे स्विंग नव्हे. पाय कधी टाकायचा ते ड्रम सांगतो, पण दोन ठोक्यांमध्ये किती रेंगाळायचं ते गाण्यातली ही बारीक झांज सांगते. त्या रेंगाळण्यातच सगळा झोका आहे. ऐका." "कुठली झांज?" दिगंबरने विचारलं. कशफने आवाज वाढवून स्पीकर त्याच्या कानाशी धरला. ड्रम छातीत घुमला, त्यापलीकडे काहीच ऐकू आलं नाही. समोर शैलजा मात्र अलगद झुलत होती. मशीनच्या दणक्यात बारीक आवाज ऐकू येणं आधी जातं आणि ते परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्याला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. घरी तो बोलला नव्हता. "तू कशफबरोबर नाच, मी बसतो," तो बायकोला म्हणाला. "गप उभे राहा हो," म्हणत तिने त्याचा हात धरला. गाणं पुन्हा लागलं. ती झांजेवर रेंगाळली की तो आधीच पुढे गेलेला असायचा, आणि दोघं एकमेकांवर आदळायची. मग तिने झुलणं सोडलं आणि त्याच्यासारखीच ठोक्यावर सरळ पाय टाकू लागली. "बघा, जमतंय," ती म्हणाली. ती काय सोडून आली ते दिगंबरला कळलं होतं, तरी तिचा हात सोडायला त्याचं मन धजेना.