नाचणीच्या मागचा नंबर

गिरणीत कुणाची नाचणी दळून झाली, की तिच्या मागचा नंबर कुणालाच नको असे. आत राहिलेलं तांबूस पीठ आपल्या गव्हात उतरतं, म्हणून बायका नाकं मुरडत. एक बाई मात्र हटकून तोच नंबर मागून घ्यायची. आधी पिठाच्या धारेखाली एक छोटी डबी धरायची आणि तांबूसपणा सरला, की मग मोठा डबा.

एकदा गिरणीवाल्याने गमतीत विचारलंच, "काय ताई, ही डबी म्हणजे मुंग्यांचा वाटा का?"

"लेकीचा," ती म्हणाली. "हाडं फार नाजूक आहेत तिची. डॉक्टर म्हणाले, नाचणी द्या. रेशनवर गहूच मिळतो, दादा. म्हटलं, मिळेल तेवढी तरी जाईल पोटात."

गिरणीवाला काही देऊ करणार, तेवढ्यात तिने डबीचं झाकण असं घट्ट दाबलं, की त्याचे शब्द ओठांतच राहिले.

"पुढच्या खेपेला गिरणी उघडतानाच या," तो म्हणाला. "पहिलं दळण आमच्या घरच्या नाचणीचं असतं. त्याच्यामागे तुमचा नंबर. आणि डबी मोठी आणा, यंत्र जुनं झालंय, बरंच पीठ आत राहतं."

संध्याकाळी तो पाच किलो नाचणी घेऊन घरी आला. बायको बघतच राहिली.

"अहो, आपल्याकडे नाचणी कोण खातंय?"

"गिरणी खाते," तो म्हणाला.