सातवी ओळ

लग्न झाल्यापासून सिद्धेशने स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं. आज मात्र तो बायकोला पाणी आणून देत होता, तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, खिडकी लावू का म्हणून दोनदा विचारत होता. कुंदाबाईंना मुलाचं हे वागणं मुळीच आवडलं नाही. इंजेक्शन टोचायच्या आधी डॉक्टर असाच गोड बोलतो.

देवश्रीने विद्यापीठाच्या काचघरातून आणलेली चवळीची रोपं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून ठेवली होती. पानं हिरवीगार. मुळांना मोहरीएवढ्या गाठी.

"छान धरलंय की," कुंदाबाई म्हणाल्या.

"धरायला नको होतं, आई. ही सातवी ओळ आहे."

आफ्रिकेतल्या सहा गावांच्या शेतांतून सुनेने जंतू आणले होते. चवळीच्या मुळांवर गाठी करून हवेतलं खत झाडाला देणारे. गावागणिक जंतू निराळे, आणि कुठले किती कामाचे ते तिला दाखवायचं होतं. म्हणून सहा ओळींना सहा गावांचे जंतू. सातवीला काहीच नाही. ती उपाशी, पिवळीच राहायला हवी होती.

"म्हणजे कुणीतरी इकडची माती तिकडे केली," देवश्री म्हणाली. "आता एकाही ओळीवर विश्वास ठेवता येत नाही. पुन्हा सगळं लावायचं तर वर्ष जाईल, आणि माझा फर्त्राग, विद्यापीठाशी असलेला करार, सप्टेंबरात संपतोय. प्रोफेसर विचारत होते, आत कोण कोण गेलं होतं?"

ते तिघांनाही ठाऊक होतं. देवश्री कॉन्फरन्सला गेली तेव्हा पाणी घालायला सिद्धेश गेला होता, आणि सोबत कुंदाबाई.

"आई," सिद्धेश हसत म्हणाला, "तू तर नाही ना टाकलीस चिमूटभर माती? विरजण लावल्यासारखी? तुला त्या पिवळ्या रोपांची फार दया आली होती."

शब्द कुंदाबाईंचाच होता. त्या दिवशी काचघरात त्याच म्हणाल्या होत्या, घाला की यांना त्या हिरव्यांची चिमूटभर माती, विरजणासारखी. तेव्हा तो हसला नव्हता. "तेवढ्याने होतं, आई?" असं विचारलं होतं त्याने. मग म्हणाला, थंडी आहे, तू गाडीत जाऊन बस. गाडीच्या काचा आतून धुरकटून जाईपर्यंत त्या बसून होत्या.

देवश्रीने सासूकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"असू दे, आई. तुम्हाला कुठे माहीत होतं."

चौथीत शाळा सुटली म्हणून कुंदाबाईंची कीव करायची आजवर कुणाची टाप नव्हती. तोंड उघडलं होतं त्यांनी. मग मुलाकडे पाहिलं आणि मिटलं. बोलावं तर त्याचा संसार जातो. एक अडाणी म्हातारी चुकली, एवढ्यावर भागत असेल तर भागू दे.

"प्रोफेसरला आईचंच सांग," सिद्धेश म्हणाला. "म्हाताऱ्या बाईला काय करणार ते? आणि देवू, झालं ते वाईटच, पण किती दिवस मी नोकरीसाठी ब्योब्लिंगेनला आणि तू इथे रेगेन्सबर्गला? शनिवार-रविवारचा काय संसार करायचा? आता एकत्र राहू. मोठं घर घेतलंय मी तिकडे. पाळण्याला जागा आहे."

"घेतलंस? कधी?"

"तू कॉन्फरन्सला निघालीस ना, त्याच्या आदल्या दिवशी. सरप्राइज."

देवश्रीने एक रोप उचललं आणि मुळावरची गाठ नखाने चिरली. आत लाल होतं, ताज्या जखमेसारखं.

"कामाला लागलेत जंतू," ती म्हणाली. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती.

त्याचा हात पुन्हा तिच्या पाठीवर आला. देवश्री दचकली. चटका बसल्यासारखी, सबंध अंगाने.

ते कुंदाबाईंनी पाहिलं.

"काढ तो हात," त्या म्हणाल्या.

"आई, तू मध्ये—"

"काढ म्हणते ना! मला अडाणी ठरवलंस, ते मी गिळलं. पोटचा म्हणून आणखीही गिळलं असतं. पण घर आधी घेतलंस आणि मग हिच्या अन्नात माती कालवलीस. राहा आता त्या घरात एकटा. तुझ्या शेजारी डोळे मिटून झोप, असं मी हिला सांगायची नाही, सिद्धेश. तुझी आई आहे, म्हणूनच सांगायची नाही."